आमची वाटचाल : फोटोंची फिल्म आणि 2019चा पूर

वडिलांचा स्टुडिओ सांगलीत मारुती रोडजवळ होता आणि त्यांचे सारे आयुष्य डार्करूममध्ये प्रिंट धुण्यात गेले. एकसष्टी, पंचाहत्तरी किंवा सहस्रचंद्रदर्शनाच्या निमित्ताने घरातल्या जुन्या फोटोंची फिल्म करून देण्याचे काम मी 2006 साली त्याच जागेत सुरू केले. पहिल्या फिल्म व्हीसीडीवर दिल्या, मग डीव्हीडी आली आणि आता पेन ड्राइव्हवर देतो. पुढची बारा-तेरा वर्षे काम नेमाने चालले.

या कामात सॉफ्टवेअरपेक्षा स्कॅनिंगला महत्त्व आहे, हे मी आजही ठामपणे सांगतो. आगफा क्लिक थ्री या जुन्या कॅमेऱ्यावर काढलेला सहा सेंटीमीटरचा चौकोनी कॉन्टॅक्ट प्रिंट (निगेटिव्हच्याच मापाचा फोटो) 300 डीपीआयला, म्हणजे इंचाला 300 ठिपके धरून, स्कॅन केला तर जेमतेम 700 पिक्सेल मिळतात, आणि पडद्याची उंची असते 1080. मग आजोबांच्या चेहऱ्यावर झूम कसला करणार? तो प्रिंट आम्ही 1200लाच घेतो. सिल्क कागदावरच्या प्रिंटवर स्कॅनरच्या दिव्याची चमचम उठते, म्हणून तो एकदा सरळ आणि एकदा उलटा ठेवून दोनदा स्कॅन करतो व दोन्ही थर एकमेकांत मिसळतो. घरी फिल्म करणाऱ्यांनीही एवढे लक्षात ठेवावे की फोटोला पाच सेकंद पुरतात, ग्रुप फोटोला मात्र आठ द्यावेत, कारण पाहणारा प्रत्येक चेहरा ओळखत असतो; आणि 180 फोटोंच्या पुढे जाऊ नये, कारण पंधरा मिनिटांनंतर माणसे जेवणाच्या पंगतीकडे पाहू लागतात.

ऑगस्ट 2019मध्ये कृष्णेला पूर आला. आयर्विन पुलाजवळ 45 फुटांना धोक्याची पातळी मानतात. त्या वेळी पाणी 57 फुटांच्या वर गेले. आमच्या दुकानाच्या भिंतीवर 2005च्या पुराची खूण होती, आणि तिच्यापेक्षा फूटभर उंच फळी ठोकून मी सगळा माल तिच्यावर चढवला होता. गावातल्या कित्येकांनी तोच हिशेब केला आणि तो चुकला. त्या फळीवर चार कुटुंबांचे अकरा अल्बम होते.

आठवडाभराने शटर उचलले तेव्हा आत घोट्यापर्यंत गाळ होता. दोन संगणक, स्कॅनर आणि वडिलांचा एन्लार्जर (फोटो मोठा करून छापण्याचे यंत्र) यांकडे मी पाहिलेसुद्धा नाही. अल्बम तेवढे उचलले. ओले फोटो एकमेकांना चिकटून वाळले की ते कायमचे गेले, हे वडिलांच्या हाताखाली लहानपणीच शिकलो होतो. सांगलीतल्याच विश्रामबाग भागातल्या मेहुण्यांच्या घरी, त्यांच्या बोअरच्या पाण्यात, वडिलांचे डेव्हलपर आणि हायपो या फोटो धुण्याच्या रसायनांचे जुने ट्रे मांडले आणि पाण्याखालीच एकेक फोटो सोडवला. डार्करूममधल्या स्टीलच्या क्लिपा दोरीवर लावून मी आणि पत्नीने रात्रभर फोटो वाळत घातले. जे त्या दिवशी उरकणार नव्हते ते प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ओळखीच्या दूधवाल्यांच्या डीप फ्रीजरमध्ये ठेवले, म्हणजे बुरशी थांबते. साठ-सत्तरच्या दशकांतले कृष्णधवल प्रिंट बऱ्यापैकी टिकले. रंगीत प्रिंटचा थर बोटाला लागून येत होता, आणि इंकजेटवर काढलेल्या फोटोंचा कागद तेवढा पांढरा राहिला होता.

विमा होता. परंतु ग्राहकांनी विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू आमच्या पॉलिसीत धरलेली नव्हती, आणि हे हप्ते घेताना कोणी सांगितले नव्हते. ज्यांच्याकडे लोकांचे अल्बम, साड्या किंवा घड्याळे दुरुस्तीला येतात, त्यांनी आपली पॉलिसी आज काढून वाचावी.

त्याहून जास्त लागली ती दुसरीच गोष्ट. आमच्याकडेच चार वर्षे काम शिकलेल्या एका मुलाने तोपर्यंत स्वतःचे दुकान काढले होते. पूर ओसरून महिना झाला नसेल, तोच तो ग्राहकांना सांगू लागला की यांच्याकडे अल्बम देऊ नका, बुडवतात. त्या दिवाळीपर्यंत आमच्याकडे तीनच कामे आली. त्याने दर आमच्या निम्म्यावर आणले होते. स्कॅन न करता मोबाईलने अल्बमचे फोटो काढून तो फिल्म बनवत होता, आणि हे ग्राहकाला पडद्यावर पाहूनच कळते. त्याला स्कॅनर हाताळायला मी शिकवले होते, म्हणून हे अजून विसरता येत नाही.

अकरांपैकी तीन अल्बम आमच्या बाईंचे होते. बाईंनी मला पाचवीत मराठी शिकवले. आईच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी त्यांनी 140 फोटो दिले होते. त्यांपैकी 92 स्कॅन होऊन घरच्या हार्ड डिस्कवर सुरक्षित होते आणि उरलेल्यांतले बरेच गेले होते. मी माफी मागायला गेलो, तर त्या दुसऱ्या दिवशी सकाळी चष्मा आणि वही घेऊन मेहुण्यांच्या घरी हजर झाल्या. थर गेलेला एक प्रिंट त्यांनी उजेडात धरला. त्यात लुगड्याचा काठ आणि पितळी बंबाची तोटी एवढेच उरले होते.

“ही आमची आत्या, वाईच्या घरी, माझ्या मुंजीतल्या भावासाठी पाणी तापवत होती. तू लिहून घे,” त्या म्हणाल्या.

मी लिहून घेतले नाही. मोबाईलवर त्यांचा आवाज रेकॉर्ड केला. त्या फिल्ममध्ये अशी एकवीस ठिकाणे आहेत, जिथे पडद्यावर डागाळलेला कागद आहे आणि मागे बाई सांगत आहेत. फोटोशॉपमध्ये ते डाग भरता आले असते, पण बाईंनी हात लावू दिला नाही. कार्यक्रमात त्यांच्या आईंनी बंबाच्या तोटीपाशी फिल्म थांबवायला सांगितली आणि त्या आत्याच्या हातच्या सांज्याबद्दल बोलत राहिल्या. जेवणे तासभर लांबली. बाईंनी पैसे पूर्ण दिले आणि पुढच्या दोन वर्षांत सात कुटुंबे आमच्याकडे पाठवली.

तेव्हापासून आम्ही आधी घरातल्या वडीलधाऱ्यांचा आवाज घेतो आणि फोटो त्यानंतर निवडतो. जुलै 2021मध्ये पाणी पुन्हा चढू लागले तेव्हा दुकान विश्रामबागेत आलेले होते आणि कोणाचाही अल्बम आमच्याकडे नव्हता, कारण आता स्कॅनर घेऊन आम्हीच ग्राहकाच्या घरी जातो. वडिलांच्या ट्रेंतले दोन वाकले आहेत. क्लिपा चांगल्या आहेत आणि दोरीवरच असतात.