आमची वाटचाल: गाळा, गाळ आणि चाचांचं स्टिअरिंग

वडिलांनी 1987 साली चिपळूणला बहादूरशेख नाक्याच्या अलीकडे गॅरेजसाठी गाळा घेतला तेव्हा वर पत्रे होते आणि पुढे शटरसुद्धा नव्हतं, रात्री एक जण आत झोपायचा. ट्रक, अॅम्बेसिडर, जीप, ज्याचं बोनेट उघडेल ते काम. मी दहावीनंतर पाना हातात घेतला. मधली वर्षं सांगण्यासारखी नाहीत, क्लचप्लेटी बसवल्या, पोरं मोठी झाली, गणपतीला मुंबईकरांच्या गाड्या घाट चढून उकळत यायच्या आणि आमचं भागायचं.

सांगायचं ते 22 जुलै 2021 पासूनचं. 2005 च्या पुराची खूण वडिलांनी भिंतीवर ऑइल पेंटने करून ठेवलेली, आमचं महागाचं सगळं सामान त्या रेघेच्या वरच्या फळीवर असायचं, त्यामुळे मी निवांत होतो. वाशिष्ठी नदीने ती रेघ पहाटेच बुडवली. आम्ही पोटमाळ्यावर आणि खाली चार गाड्या, त्यातली एक आमचं जुनं गिऱ्हाईक असलेल्या दाभोळच्या चाचांची मर्सिडीज 240 डी, 83 ची. ग्लो प्लगसाठी (डिझेल इंजिन सुरू करताना तापतो तो) आलेली, दोन दिवसांचं काम. बोनेटवरचा तारा दिसत होता तोवर बघितलं, मग तोही दिसेना.

पाणी उतरल्यावर जो गाळ राहिला त्याचा वास ज्याने घेतलाय त्याला वेगळं सांगायला नको. टॉर्क रेंच, बोअर गेज, टापरियाचे दोन्ही सेट, सगळं चॉकलेटी. खेर्डीचा आमचा टर्नर, वडिलांचा पहिला भागीदार, भागीदारी मोडून पंधरा वर्षं झालेली, तो माणूस रॉकेलचा डबा घेऊन आला आणि नऊ दिवस बसून एकेक पाना धुतला. काही बोलला नाही. फक्त त्यानेच ट्रकच्या पाट्याच्या पोलादातून बनवलेला पिटमन आर्मचा पुलर (स्टिअरिंग बॉक्सखालचा दांडा ओढून काढायचं हत्यार) गाळात सापडला तेव्हा म्हणाला, हा नाही गंजायचा. खरंच नाही गंजला. बाजारात मिळणारे पुलर दोनदा ओढले की जबडा फाकतो, हा आजही फाकत नाही. कर्ज काढलं, बायकोचे दागिने ठेवले, एक पोरगा सोडून गेला तो समोरच्याच गॅरेजला लागला. असो.

चाचांच्या गाडीचं इंजिन उघडून धुतलं, गिअरबॉक्स, डिफरन्शियल सगळ्याचं ऑइल काढलं. पॉवर स्टिअरिंगचं तेल, म्हणजे एटीएफ, लाल असतं, ते स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं झालेलं, म्हणजे पाणी आत. टाकीतला फिल्टर बदलला, रिटर्नचा पाइप बाटलीत सोडून तीनदा फ्लश केलं, तिसऱ्यांदा स्वच्छ लाल आलं तेव्हाच थांबलो. हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढे यावरच आमची बदनामी झाली.

पुढच्या वर्षी चाचांच्या मुलाने गाडी मुंबईला एका मोठ्या वर्कशॉपला रिस्टोरेशनला दिली. एसी हॉल, पॉलिश केलेली फरशी, असला प्रकार. 2023 ला गाडी आली ती नवरीसारखी, क्रोम असं की दाढी करावी. पण स्टिअरिंग जड, आणि वळण घेतल्यावर आपणहून सरळ येईना. त्यांनी दोनदा पंप बदलला, दोन्ही वेळा बिल लावलं, आणि शेवटी मुलाला सांगितलं की पुरात बुडालेली गाडी आहे, चिपळूणच्या मिस्त्रीने सिस्टिमची वाट लावलीय, आता स्टिअरिंग बॉक्सच बाहेरून मागवा. ही गोष्ट माझ्या कानावर गिऱ्हाइकांकडूनच आली. त्या वर्षी जुन्या गाड्यांची तीन कामं हातची गेली, एकाने तर तोंडावर विचारलं, तुमच्याकडे अजून गाळ आहे का.

चाचा मात्र स्वतः गाडी घेऊन आले. दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीत गाडी चढवायची म्हणजे काय ते तिकडच्यांना माहीत आहे, तिथला पोरगा हाताने हाताने ‘काप, काप अजून’, म्हणजे अजून वळव, करतो आणि दुचाक्यांच्या मधे इंचावर लावायची. सत्तरी ओलांडलेला माणूस, दोन्ही हातांनी लोंबकळून स्टिअरिंग फिरवलं म्हणाले. ‘बाला, पंप नाय रे हा, पंप गेला तर आवाज करील.’ जहाजावर इंजिनरूममध्ये तीस वर्षं काढलेला माणूस आहे.

बरोबर होतं त्यांचं. हवा शिरली तर पंप रडतो आणि टाकीत फेस येतो, बेल्ट सैल असेल तर पूर्ण वळवताना किंचाळतो. इथे दोन्ही नाही. प्रेशर लाइनला गेज लावलं, व्हॉल्व्ह बंद केला (पाच सेकंदांच्या वर बंद ठेवू नका, पंप भाजतो), काटा सरळ वर, म्हणजे पंप ठीक. मग मी ते केलं जे मुंबईवाल्यांनी दोन पंप विकण्याच्या आधी करायला पाहिजे होतं, इंजिन बंद, पुढची दोन्ही चाकं जॅकवर आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत. हवेत असताना पण जड! चाकांवर वजन नाही, तरी जड, म्हणजे कुठेतरी लोखंडच अडकतंय.

ड्रॅग लिंक, म्हणजे स्टिअरिंग बॉक्सची ओढ चाकांकडे नेणारा दांडा, सोडली. चाकं हाताने फिरवली तर डावं चाक कुरकुरत, अडकत फिरलं. खालचा बॉल जॉइंट, चाक ज्यावर वळतं तो सांधा. वरून झकास काळा रंग, रबर बूट फाटलेला, त्याच्यावरूनच रंग मारलेला, आणि आत ग्रीसच्या जागी तपकिरी पीठ. आता ते पीठ आमच्या पुराचं की दाभोळच्या खाऱ्या वाऱ्याचं, मी सांगू शकत नाही. पण लाखांनी पैसे घेऊन रिस्टोरेशन करणाऱ्याने जुना जॉइंट रंगवून परत बसवायचा? या गाडीच्या डब्ल्यू 123 मालिकेच्या सगळ्या मिळून 27 लाखांच्या आसपास गाड्या बनल्यात जगात, पार्ट आजही मिळतात, जुना बसवायला कारण काही नाही.

आणि इथपर्यंत लिहिलंय तर पुढचं पण लिहितो. लिंक सुटलेली असताना बॉक्स एकटा फिरवला तर तोही मधोमध जड लागला. बॉक्सच्या वर अॅडजस्टमेंटचा स्क्रू असतो, तो जास्त पिळला की प्ले (स्टिअरिंगचा सैलपणा) जातो पण स्टिअरिंग परत येत नाही. तो पिळलेला मीच. 2017 ला, चाचा प्ले आहे म्हणाले म्हणून अर्धा फेरा. तेव्हा ते म्हणाले होते थोडं जड वाटतं, मी म्हणालो बसेल. लॉकनट सोडून सैल करताना त्यांच्याकडे बघितलं नाही. नंतर सांगितलं, हसले.

तर नवीन पोरांनो, प्ले आला की पहिल्यांदा स्क्रूवर जाऊ नका, टाय रॉडचे एंड, आयडलर आर्मचा बुश, स्टिअरिंगची कपलिंग आधी हलवून बघा. आणि टाकीत ब्रेक ऑइल ओतणाऱ्याला गाळ्यात घेऊ नका, सगळे सील फुगवून ठेवतो.

दोन्ही बाजूंचे जॉइंट बदलले, बूट बदलले, अलाइनमेंट केलं. मूळचा पंप, तो पुरात बुडालेला, मुलाने डिकीत टाकून परत आणला होता. तो लावला, गेज बघितलं, काटा तिथेच. आता गाडीवर तोच आहे. मुंबईवाल्यांचा काढलेला पंप आमच्या फळीवर पडलाय, घेऊन जा असा दोनदा निरोप दिला, फोन पण नाही, चूक कबूल करणं तर लांबच.

चाचांचा त्याच संध्याकाळी बोटीवरून फोन आला. मागे इंजिनाची घरघर, ओरडून सांगत होते, एका हाताने लावली गाडी, दुसऱ्या हातात चहा होता. सांडला म्हणाले थोडा, शर्टावर.