चालायला सांगायला पगारी माणूस कशाला?

साताऱ्याहून मावशीचा दर रविवारी फोन येतो. जेवणखाणाची चौकशी झाली की तिचा प्रश्न ठरलेला असतो, "अगं, पण लोकांना चाला म्हणून सांगायला तिकडचं सरकार तुला पगार देतं?" लंडनच्या महाराष्ट्र मंडळात नवी ओळख झाली की तिथेही हेच विचारतात, फक्त जरा आडवळणाने. तुमच्यापैकीही बऱ्याच जणांनी विचारलंत, म्हणून आज सविस्तर लिहिते.

मी डॉक्टर नाही, नर्स नाही, फिजिओही नाही. तरी वायव्य लंडनमधल्या एका सर्जरीत, म्हणजे आपण ज्याला फॅमिली डॉक्टरांचा दवाखाना म्हणू तिथे, मला एक छोटी खोली आहे. दारावर पाटी आहे 'सोशल प्रिस्क्रायबिंग लिंक वर्कर', म्हणजे गोळ्यांऐवजी आसपासचे गट, वर्ग, सोयी यांच्याशी पेशंटची गाठ घालून देणारी. इथल्या जीपीला, म्हणजे फॅमिली डॉक्टरला, एका पेशंटसाठी साधारण दहा मिनिटं असतात. त्यात साखर, गुडघे, झोप, गोळ्यांची यादी, आणि पेशंट उठता उठता "थोडं चालत जा हं". पेशंट "हो" म्हणतो. तीन महिन्यांनी साखर तेवढीच असते आणि दोघांनाही अपराधी वाटतं. जानेवारी २०१९ मध्ये एनएचएसने, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेने, दीर्घकालीन आराखडा जाहीर केला. २०२०-२१ संपेपर्यंत हजाराहून जास्त लिंक वर्कर नेमायचे आणि २०२३-२४ पर्यंत नऊ लाखांहून जास्त लोकांना ही सोय मिळवून द्यायची, असं त्यात होतं. त्याच वर्षी शेजारशेजारच्या दवाखान्यांचे गट बांधले गेले, एकेका गटात साधारण ३० ते ५० हजार लोक. मी अशाच एका गटात कामाला लागले. मला एका माणसासाठी पाऊण तास मिळतो, आणि त्याच माणसाला पुन्हा पुन्हा भेटता येतं. डॉक्टरांकडे नसलेलं माझ्याकडे एवढंच आहे.

त्या पाऊण तासात काय होतं, ते एका आजींच्या गोष्टीतून सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

आजी मूळच्या डोंबिवलीच्या, पंचाहत्तरी ओलांडलेल्या, बरीच वर्षं मुलाकडे राहणाऱ्या. मधुमेह आहे, रक्तदाब आहे. माझ्याकडे आलेल्या चिठ्ठीत एक ओळ होती: व्यायामाची इच्छा नाही. पहिल्या भेटीत त्या म्हणाल्या, गुडघे दुखतात. दुसऱ्या भेटीत थंडीचं कारण सांगितलं. दोन्ही खरंच होतं. डिसेंबरात इथे चारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि सकाळी फुटपाथवर कधीकधी बर्फाचा गुळगुळीत थर असतो. तिसऱ्या भेटीत सूनबाई औषधं घ्यायला बाहेर गेल्या, तेव्हा आजी खाली बघत म्हणाल्या, "घाई लागते गं. मागे एकदा रस्त्यातच झालं. तेव्हापासून मी घराबाहेर पाणीसुद्धा पीत नाही." मग थोड्या वेळाने, "डोंबिवलीला रोज भाजीला जायचे की मी. पण तिथे दर दोन इमारतींमागे कुणीतरी ओळखीचं. कुणाच्याही घरात शिरावं."

व्यायामाची इच्छा नाही. ही ओळ मी अजून विसरलेले नाही. त्यांना इच्छा होती, रस्ता नव्हता.

आधी मी डॉक्टरांना कळवलं आणि आजींना लघवीच्या तक्रारींसाठी असलेल्या नर्सकडे पाठवलं. तिने ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम शिकवले. हे खरं तर पहिल्याच दिवशी व्हायला हवं होतं. नंतर मी एका दुपारी आजींच्या दारापासून वाचनालयापर्यंत स्वतः चालत गेले, हातात घड्याळ आणि वही घेऊन. माझ्या चालीने अकरा मिनिटं. वाटेत बाक तीन. त्यातला एक बसस्टॉपवरचा, इतका उतरता की म्हाताऱ्या माणसाला त्यावर टेकताच येत नाही, म्हणजे खरे दोनच. वाचनालयात स्वच्छतागृह आहे, पण वाचनालय आठवड्यातून दोन दिवस बंद. मधल्या कॅफेच्या मालकिणीशी बोलले. ती म्हणाली, काही विकत घेतलं नाही तरी येऊ दे त्यांना. हे सगळं मराठीत, मोठ्या अक्षरात कागदावर काढून आजींना दिलं आणि पहिले चार मंगळवार त्यांच्याबरोबर चालले. पहिल्या मंगळवारी आम्ही कॅफेपर्यंतच गेलो. त्यांनी चहा घेतला. बाहेर, आणि पूर्ण कप. त्यांच्या मुलाला यात काय विशेष ते कळलं नाही. मला कळलं.

पाचव्या मंगळवारी त्यांना चालण्याच्या गटात सोडलं. असे गट इंग्लंडला नवे नाहीत. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर सॉनिंग कॉमन या ऑक्सफर्डशायरमधल्या गावात विल्यम बर्ड नावाच्या जीपीने आपल्या पेशंटांसाठी गावाभोवतीच्या पायवाटांवर चालण्याचे गट सुरू केले, आणि ती कल्पना देशभर पसरली. आमच्या गटात आठ-दहा जण असतात. सर्वांत हळू चालणाऱ्याच्या मागे एक स्वयंसेवक राहतो, म्हणजे आपण शेवटचे आहोत असं कुणालाच वाटत नाही. आजींना इंग्रजी बेताचं येतं. पण त्यांची जोडी जमली ती एका निवृत्त बसड्रायव्हरशी. ते जमैकाचे. दोघांचा मधुमेह एकाच वयाचा, आणि रताळं उकडून खावं की भाजून यावर दोघांचं खाणाखुणांनी बोलणं चालतं.

त्या आजोबांमुळे मला जेरी मॉरिस या ब्रिटिश संशोधकांची आठवण होते. या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाने त्यांचा अभ्यास मुळातून वाचावा असं मला मनापासून वाटतं. लंडनच्या दुमजली बसमध्ये तेव्हा ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर दिवसाला पाच-सहाशे पायऱ्या वर-खाली. मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये दाखवलं की कंडक्टरांना हृदयविकार ड्रायव्हरांपेक्षा बराच कमी होतो. शारीरिक हालचाल आणि हृदय यांचा संबंध असा आकड्यांत पहिल्यांदाच मांडला गेला. त्यानंतर त्यांनी गणवेशांची मापं तपासली. ड्रायव्हरांच्या पँटी कमरेला मोठ्या निघाल्या, तरुण वयोगटातसुद्धा. म्हणजे सगळं श्रेय जिन्याला देता येत नाही, हेही त्यांनीच पुढे आणलं. स्वतःच्या आवडत्या निष्कर्षावर स्वतःच शंका घेण्याचा हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो.

म्हणून आमच्या कामाबद्दलही खरं ते सांगते. सोशल प्रिस्क्रायबिंगने लोकांची हालचाल किती वाढते, याचा भक्कम पुरावा अजून नाही. यॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये तोवर झालेले अभ्यास एकत्र तपासले. बहुतेक छोटे, थोड्या काळाचे आणि तुलनेसाठी दुसरा गट नसलेले निघाले. त्यानंतर अभ्यास वाढलेत, तरी मी कुणाला "यामुळे साखर उतरतेच" असं सांगत नाही.

पण मोजण्याच्या पद्धतीवर माझा राग आहे, आणि तो मी लपवत नाही. इथल्या दवाखान्यांत हालचाल मोजायला एक प्रश्नावली वापरतात. तिच्यातून माणूस चारपैकी एका गटात पडतो, निष्क्रिय ते सक्रिय. चालण्याबद्दल, घरकामाबद्दल, बागकामाबद्दल तिच्यात प्रश्न आहेत, पण गट ठरवताना ती उत्तरं धरलीच जात नाहीत. लोक चालणं वाढवून सांगतात, हे कारण. कारण मला समजतं. परिणाम असा की आजी आठवड्यातून दोनदा चाळीस-चाळीस मिनिटं चालायला लागल्या आणि कागदावर त्या पहिल्या दिवशी 'निष्क्रिय' होत्या तशाच आजही आहेत. बरं, आठवड्याला १५० मिनिटं हा प्रौढांसाठीचा सर्वसाधारण सल्ला. ग्लासगोच्या संशोधकांनी २०१३ मध्ये पुरुषांच्या अभ्यासावरून असं मांडलं की दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांना तेवढ्याच फायद्यासाठी सुमारे २३० मिनिटं लागत असावीत. आजींना मी हा आकडा सांगितलेला नाही. ऐंशी मिनिटांवर खूश असलेल्या बाईला अजून दीडशे कमी पडतात याची जाणीव करून द्यायची नाही, हा माझा निर्णय आहे आणि त्याची जबाबदारी माझी.

सगळ्यांचंच असं जमत नाही. एका गृहस्थांना मी सहा वेळा फोन केला. ते प्रत्येक वेळी गोड बोलले आणि एकदाही आले नाहीत. एका बाईंना जिममधल्या बारा आठवड्यांच्या सवलतीच्या योजनेत पाठवलं. तेराव्या आठवड्यापासून पूर्ण फी लागू झाली आणि त्या थांबल्या. एक खुर्चीवरच्या व्यायामाचा वर्ग हॉलचं भाडं परवडेना म्हणून बंद पडला, तेव्हा माझ्या यादीतले अकरा जण एकाच दिवशी घरात बसले. माझा पगार आरोग्यखात्यातून येतो. पण बाक, दिवे, स्वच्छतागृहं, वाचनालयाच्या वेळा हे सगळं कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या पालिकेकडे, आणि कौन्सिलांकडे पैसा कमी कमी होत गेलाय. मी चिठ्ठी लिहायची आणि चिठ्ठीवरचं औषधच दुकानात नाही, असं महिन्यातून एकदा तरी होतं. तेव्हा मावशी, तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हे आहे की पगार मला देतात ते ठीकच, पण दोन बाकांचेही पैसे बाजूला काढायला हवेत. साताऱ्यात तुझ्या संध्याकाळच्या फेरीत देवळाचा कट्टा आहे, पुढे पार आहे, आणि तिथे आधीच येऊन बसलेल्या चार बायका आहेत. उशीर झाला तर त्याच विचारतात, आज का नाही आलीस. तुला चालायला कुणी सांगावं लागत नाही ते त्यामुळे.

परवा आजींचा फोन आला. एरवी त्या मुलाकडून करवतात, या वेळी स्वतः केला.

"अगं, तो वळणावरचा बाक काढलाय. रस्ता खणलाय तिथे. आता?"

"आजी, शुक्रवारी येते. दुसरा रस्ता बघू."

"मी बघितलाय," त्या म्हणाल्या. "शाळेच्या बाजूने. तिथे एक बुटकी भिंत आहे, टेकता येतं. पण किती मिनिटं होतात ते तू घड्याळ लावून सांग."

शुक्रवारी दुपारी दोनला जायचं ठरलंय.