तुम्ही विचारलंत म्हणून: मालवणी हॉटेलात पनीर आहे, मग सांबारं का नाही?

हो, मीच काढायला सांगितलं होतं. झालं समाधान? गणपतीत, लग्नाच्या पंगतीत, कुडाळला सासुरवाडीत पान वाढलं की, आणि परवा तर डेंटिस्टकडे तोंड उघडं असताना पण हेच, की पुण्यातल्या त्या हॉटेलात पनीर मसाला आहे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं नाही, हे कुठल्या शहाण्याने ठरवलं. त्या शहाण्याला मेन्यू तपासायचे पैसे मिळतात.

पनीरचं सोपं आहे. आठ जणांत एक शाकाहारी असतो आणि कुठे जायचं ते बऱ्याचदा त्याच्यावरच ठरतं. पनीर काढलं की तो एकटा जात नाही, सोबतचे सात सुरमई खाणारे पण जातात. यावर मी वाद घालत नाही.

सांबाऱ्याचं तसं नाही. पद्धत माझी नाही, १९८२ साली अमेरिकेत कासावाना आणि स्मिथ या दोघांनी मांडलेली आहे. पदार्थ किती खपतो आणि कच्च्या मालाचा खर्च जाऊन प्लेटमागे किती रुपये उरतात, एवढंच बघायचं. मेन्यूवर ४० पदार्थ असतील आणि सगळे सारखे खपले तर खपात प्रत्येकाचा वाटा अडीच टक्के, त्याचे ७० टक्के म्हणजे १.७५, त्याखाली गेला की नापास. सांबारं १.१ वर होतं आणि उरायचंही कमी. दोन्हीकडे नापास झालेल्यांच्या चौकटीला या पद्धतीत 'डॉग' म्हणतात.

तर मी शीट छापून नेली. दुपारी तीनची वेळ, गल्ला बंद, मालक समोर आणि बाजूच्या टेबलावर त्याची आई कोकमं निवडत बसलेली. हॉटेलचं वाटप, म्हणजे वाटलेलं खोबरं, आणि मसाला सगळा तिच्या हातचा, सांबारं पण तिचंच. मी उत्साहात रंगीत चौकटी दाखवत होतो, ती उठून आली, चष्मा लावला आणि बोट ठेवून एकेक इंग्रजी अक्षर जोडत वाचलंन. मग म्हणाली, "डॉग म्हणजे कुत्रो मां?" मी म्हटलं काकू, ते तसं नाही, तो टेक्निकल शब्द आहे. "माझ्या सांबाऱ्याक कुत्रो कित्याक म्हटलंस?" मालक हसला. मी पण हसलो, ते अजून टोचतं. ती परत कोकमांकडे गेली आणि नंतर मुलाला एवढंच म्हणाली की उद्याचे वाटाणे भिजत घातलेत, ते तरी संपव.

आता मला सांगा, आकडे खोटे होते का? नव्हते. पण बिलं मी घेतली होती एप्रिल-मेची, आणि सांबारं खपतं श्रावणात, जेव्हा मासे खाणारी बरीच घरं मासे बंद करतात आणि आंबोळीबरोबर दुसरं काय खाणार. शिवाय आंबोळीच्या प्लेटमधली वाटी बिलात वेगळी पंच होतच नव्हती, म्हणजे खपत होतं आणि माझ्या शीटला दिसत नव्हतं. हे मला तेव्हा कळायला हवं होतं. जो मी तेव्हा होतो तो म्हणेल की अरे, क्लायंटने दोन महिन्यांचीच बिलं दिली. दिली, पण तू मागितलीस का जास्त?

आणि लोकांना विचारावं म्हणाल, तर तेही केलं होतं. 'जेवण ऑथेंटिक वाटलं का' याला जवळपास सगळे पाचपैकी चार नाहीतर पाच देतात, वेटर समोर उभा असतो ना. एका बाईंच्या फॉर्मवर पाचला गोल आणि खाली सूचना, 'बांगड्याच्या करीत लाकडाचे तुकडे होते'. ती तिरफळं होती हो, माशात घालतात तो मसाला! त्याच बाईंना जर मेन्यू ठरवायला दिला तर मालवणी म्हणजे लाल आणि तिखट, बस. मालवणच्या माणसाला विचारलं तर शेजारच्या घरचं वाटपसुद्धा चुकीचं असतं. मी कुणाचं ऐकू?

मालक आता श्रावणात सांबारं करतो. बाकी वर्षभर नाही. सासूबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, मग पनीर पण श्रावणातच ठेवा की. मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

शीटवर त्या चौकटीचं नाव तेवढं मी बदललंय, आता तिथे नुसतं 'ड' छापतो. गणित तेच आहे.