हरिश्चंद्रगडावरच्या कथांचे थर

हरिश्चंद्रगडावर जाऊन आलेला माणूस तिथल्या सरळसोट कोकणकड्याखालोखाल हमखास कशाविषयी बोलत असेल, तर केदारेश्वराच्या गुहेतील खांबांविषयी. गुहेत पाण्याच्या मधोमध भव्य शिवलिंग आहे आणि त्याच्या चार बाजूंना छतापर्यंत पोहोचणारे चार खांब होते. त्यांपैकी आज एकच अखंड उरला आहे. चार खांब म्हणजे चार युगे, एकेक युग सरले तसा एकेक खांब कोसळला आणि शेवटचा पडेल त्या दिवशी कलियुगही संपेल, अशी आख्यायिका आहे. मला मात्र गडावरच्या साऱ्या कथांमध्ये ही सर्वांत उथळ वाटते, कारण तीन मोडके खांब दिसले की ती आपोआप सुचते. ज्यांनी हे लेणे कोरले, त्यांनीही कलियुगातच छिन्नी हाती घेतली असणार, हा हिशेब सहसा कोणी करत नाही.

गडाला ज्याचे नाव मिळाले, त्या राजाची कथा याहून खोल आहे. हरिश्चंद्र अयोध्येचा, विश्वामित्राला राज्य देऊन टाकल्यावर त्याने काशीला पत्नी तारामती आणि मुलगा रोहिदास यांना विकले आणि स्वतः स्मशानात चाकरी पत्करली. या साऱ्या कथेत सह्याद्री कोठेही येत नाही. तरीही अकोले तालुक्यातील या डोंगरावर त्याच्या नावाचे महादेवाचे मंदिर आहे, सर्वांत उंच शिखराला तारामती म्हणतात आणि दुसऱ्या एका शिखराला रोहिदास. काशीच्या बाजारात ज्यांची ताटातूट झाली, त्या तिघांना ही नावे ठेवणाऱ्यांनी एका गडावर एकत्र आणले आहे, असे मला नेहमी वाटते.

पण गडाचा खरा मानकरी माझ्या लेखी चांगदेव आहे. लोककथेतील चांगदेव योगबळाने काळाला चुकवत चौदाशे वर्षे जगतो, वाघावर बसून सापाचा चाबूक हाती घेऊन ज्ञानेश्वरांना भेटायला निघतो आणि समोरून भिंत चालत येताना पाहून त्याचा गर्व उतरतो. मग वयाने लहान असलेल्या मुक्ताबाईला तो गुरू मानतो. परंपरेनुसार याच चांगदेवाने हरिश्चंद्रगडावर तप केले आणि ‘तत्त्वसार’ हा ग्रंथ रचला. त्यातील ओव्यांत शके १२३४, म्हणजे इसवी सन १३१२ हे वर्ष येते, संवत्सराचे नाव येते, वार येतो. शिवाय हरिश्चंद्र देवता, मंगळगंगा नदी आणि येथील तीर्थ यांचा उल्लेख येतो. ज्याच्यापुढे काळ हरला असे लोक सांगतात, त्याच्या नावावरच्या ग्रंथात रचनेचा काळ आणि जागा इतक्या काटेकोरपणे नोंदवलेल्या असाव्यात, याचे मला फार अप्रूप वाटते. चौदाशे वर्षांच्या कथेपेक्षा मला ही नोंद अधिक विलक्षण वाटते.

त्या ओव्या मनात ठेवून मंदिरापाशी गेले की परिसराची संगती लागते. मंदिर शिखरावर नाही, तर गडाच्या माथ्यावरील एका खोलगट जागी, खडकात कोरलेल्या गुहांच्या आणि पाण्याच्या टाक्यांच्या सान्निध्यात आहे. समोर पुष्करणी आहे, तिच्या भिंतीत ओळीने देवळ्या आहेत आणि मंदिराजवळून मंगळगंगेचा प्रवाह पायथ्याच्या पाचनई गावाच्या दिशेने उतरतो. म्हणजे ग्रंथात उल्लेखलेले देव, नदी आणि तीर्थ आजही काही पावलांच्या अंतरात सापडतात. मंदिराच्या उंच शिखरावरील कोरीव काम न्याहाळायला घाई करू नये; बहुतेक मंडळी कड्यावरचा सूर्यास्त गाठण्याच्या नादात ते पाहतच नाहीत.

केदारेश्वराला प्रदक्षिणा घालायची असेल, तर थंडगार पाण्यातून चालावे लागते आणि हे पाणी उन्हाळ्यातही अंग शहारून टाकते. पावसाळ्यात प्रवाह वाढला की गुहेपर्यंत पोहोचणेच कठीण होते, त्यामुळे पाऊस पुरता ओसरल्यावर जाणे बरे. पाण्यात उतरलात, तर उरलेल्या खांबाला रेलून छायाचित्रे काढू नयेत. त्याच्यावर युगाचा भार असो वा नसो, छताचा भार निश्चितच आहे.