बाबांचं सकाळचं वजन

परवा एका मित्राचा फोन आला, त्याच्या आईच्या हार्टचं पंपिंग कमी निघालंय, विचारत होता की तुम्ही गावी बाबांच्या हार्टवर घरून लक्ष कसं ठेवता, कोणतं मशीन घेऊ. अर्धा तास बोललो तेच इथे लिहितोय. मशीनबद्दल त्यात फार थोडं आहे.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजीच्या पुढे. मी पुण्यात, गावात दादा-वहिनी, पुतण्या आणि बाबा. बाबांना अटॅक आला तेव्हा नागपूरला नेलं, स्टेंट टाकला, जीव वाचला, पण टूडी इकोमध्ये, म्हणजे हार्टच्या सोनोग्राफीत, पंपिंग (दर ठोक्याला हार्ट आतलं किती रक्त बाहेर टाकतं ते) ३० टक्के आलं, चांगल्या हार्टचं ५५ च्या आसपास किंवा वर असतं. पुढच्या सहा महिन्यांत दोनदा रात्री धाप लागली आणि दादाने दोन्ही वेळा गाडी करून नागपूर गाठलं. दोन्ही वेळा डॉक्टर हेच म्हणाले की अंगात पाणी साचलंय, चार दिवस आधी कळवलं असतं तर लघवीची, म्हणजे अंगातलं पाणी काढणारी गोळी वाढवून घरीच भागलं असतं. पण चार दिवस आधी बाबा वावरात होते हो, त्यांना काही होतच नव्हतं, मग कळवणार काय?

पहिल्या दवाखान्याने एक अॅप दिलं होतं. सगळं इंग्रजीत, दर वेळी ओटीपी, आणि ओटीपी यायला वहिनीला गच्चीवर जावं लागायचं कारण घरात नेटवर्क येत नाही. तरी बिचारीने दीड महिना रोज भरलं. एकदा वरचं बीपी ९० च्या खाली गेलं, तेही भरलं, पलीकडून ना फोन ना मेसेज. त्या दिवशी तिने अॅप बंद केलं आणि मला ते अगदी बरोबर वाटलं.

आता दुसऱ्या डॉक्टरांकडे जातो. त्यांच्याकडे एक सिस्टर आहेत, वीस-पंचवीस पेशंट त्यांच्या व्हॉट्सअॅपवर. रोज सकाळी वजन, बीपी आणि पल्स वहीत लिहायचं, वहीचा फोटो काढायचा, नेटवर्क येईल तेव्हा पाठवायचा. दहापर्यंत फोटो नाही गेला की त्या साधा फोन करतात.

तिन्हीत सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वजन. हार्ट नीट पंप करत नाही तेव्हा किडनी मीठ-पाणी धरून ठेवते, आणि एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. धाप लागायच्या, पाय सुजायच्या आधी ते बऱ्याचदा काट्यावर दिसतं. तीन दिवसांत दोन किलोच्या वर वाढलं तर कळवायचंच, असं आम्हाला सांगितलंय. वजन सकाळी उठल्यावर, लघवी करून, चहाच्या आधी, रोज साधारण त्याच कपड्यात. आमची ओसरी सारवलेली, त्यामुळे डिजिटल काटा इकडे ठेवला तर ५८ आणि हातभर सरकवला तर साडेछप्पन! पहिले दहा दिवस आम्ही उगाच घाबरत होतो. मग दादाने कोपऱ्यात एक शहाबादी फरशी पक्की बसवली, आता काटा तिथून हलत नाही. ऑक्सिमीटर पण घेतलाय, पण बाबांना पाणी साचायला लागलं तेव्हाही तो ९७ दाखवत होता, त्यामुळे नुसत्या त्याच्यावर विसंबू नका.

गेल्या वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत वजन ५८.४ वरून ५९.३ झालं, तिसऱ्या दिवशी ६०.७. बाबा म्हणे, "मले काही नाही झालं, काहून डॉक्टरले तरास देता." सिस्टरचा फोन साडेनऊलाच आला. रात्री उश्या किती घेता, नडगीवर अंगठा दाबला तर खड्डा पडतो का, लोणचं-पापड खाल्लं का. खड्डा पडत होता थोडा. मग त्यांनी विचारलं, दुसरी कुठली गोळी चालू केली का. बाबा गप्प. वहिनी बाबांना म्हणाली, "मामाजी, सांगा नं खरं." तेव्हा खिशातून पाकीट निघालं, कंबर दुखते म्हणून मेडिकलमधून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या, पाच दिवसांपासून दिवसाला दोन. या गोळ्या अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात आणि बाबांसारख्या पेशंटला त्या चालतच नाहीत, हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. डॉक्टरांनी त्या बंद केल्या, तीन दिवस लघवीची गोळी वाढवली, व्हिडिओ कॉलवर पाय पाहिले, चौथ्या दिवशी वजन ५८.६. नागपूर नाही, भरती नाही. काट्याने एवढंच सांगितलं की काहीतरी बिघडलंय, काय बिघडलंय ते सिस्टरने विचारून काढलं.

मी नंतर यावर बरंच वाचलं. अमेरिकेत २०१० साली एक मोठा अभ्यास छापून आला, १६५३ हार्ट फेल्युअरचे, म्हणजे बाबांसारखं हार्ट नीट पंप न करणारे पेशंट, त्यातल्या निम्म्यांनी रोज ऑटोमॅटिक फोन सिस्टिमला वजन आणि त्रास सांगायचा. सहा महिन्यांनी भरतीत किंवा मृत्यूत काही फरक नाही, आणि त्या निम्म्यांपैकी सातातल्या एकाने तर ती सिस्टिम एकदाही वापरली नव्हती. २०१८ साली जर्मनीतल्या दीड हजारावर पेशंटचा अभ्यास आला, त्यात मात्र मृत्यू कमी झाले, दवाखान्यात जाणारे दिवसही कमी झाले. तिथे घरून वजन, बीपी, ईसीजी आणि ऑक्सिजन जायचं आणि पलीकडे डॉक्टर-नर्स चोवीस तास होते. दोन्ही अभ्यासांत बाकीचे फरकही असतील, पण मला वहिनीचं ते अॅप आठवलं.

उन्हाळ्यात उलटं होतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो, घाम जातो, वर लघवीची गोळी चालूच. वजन ५६.८ वर आलं, उठलं की चक्कर, बीपी ९२. तेव्हा गोळी निम्मी केली, डॉक्टरांना विचारूनच. म्हणजे वजन कमी झालं म्हणून खूश व्हायचं नाही, तेही कळवायचं.

आणि छातीत दुखलं, घाम फुटला तर व्हॉट्सअॅप करत बसू नका, सरळ १०८ लावा. हे मी मित्राला तीनदा सांगितलं.

पुढच्या आठवड्यात वहिनी आठ दिवस माहेरी आर्वीला जाणार आहे, दोन वर्षांत पहिल्यांदा. दादा पहाटेच वावरात जातो, म्हणून सातवीतला पुतण्या शिकून राहिला. बीपी घ्यायच्या आधी पाच मिनिटं आबाजीला (म्हणजे बाबांना) बसवायचं, बोलू द्यायचं नाही, बाही वर करायची. काल त्याने पहिला फोटो पाठवला, वहीत तारीख लिहायची राहिली होती. सिस्टरने लगेच त्याला फोन केला, तारीख लिहून घेतली, आणि आबाजी रात्री झोपले कसे ते विचारलं.