लोबुचेचं हेलिकॉप्टर आणि साडेतीन हजार डॉलर

नेपाळच्या एव्हरेस्ट बेस कॅम्प ट्रेकवर लुक्ला ते दिंगबोचे सगळं मस्त झालं, त्यावर वेळ घालवत नाही. तिकडे निघणाऱ्यांनी त्यापुढच्या लोबुचे मुक्कामाचं (४,९४० मीटर) तेवढं नीट वाचा.

रात्री दोनला माझ्या मेहुण्याला उलट्या सुरू झाल्या. डोकं फुटतंय म्हणत होता, पण धाप नव्हती, तोल जात नव्हता, बोलणं धड होतं. उंचीवरच्या विरळ हवेचा असा त्रास झाला की उजाडताच खाली उतरायचं. खालच्या फेरिचे गावात हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं क्लिनिक आहे, सीझनमध्ये तिथे डॉक्टर असतात. पण गाइड एकच धरून बसला, "इन्शुरन्स आहे ना सर? मग हेलिकॉप्टर फुकट." आम्ही थकलेले, घाबरलेले. त्याने पुढे केलेल्या कागदावर सही केली. विम्याने पैसे दिले नाहीत तर आम्ही भरू, हे त्यावर छापलेलं होतं. मी ते काठमांडूत वाचलं.

हेलिकॉप्टरमध्ये आणखी दोघे ट्रेकर होते. तिघांनाही पूर्ण फेरीचं बिल, माणशी साडेतीन हजार डॉलर. २०१८ मध्ये नेपाळ सरकारच्या चौकशीत हेच बाहेर आलं होतं: गरज नसताना उड्डाणं आणि एकाच फेरीची अनेक बिलं. सात वर्षं सह्याद्रीत भटकणाऱ्या मला याचा पत्ता नव्हता, याचा अजून राग येतो.

क्लेम फेटाळला गेला. एक, आमच्या पॉलिसीत ट्रेकिंगला ४,५०० मीटरची मर्यादा होती. दोन, उड्डाणाआधी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन करून मंजुरी घेतली नव्हती. एजंट तोंडी म्हणाला होता, "नेपाळ, ट्रेक, सगळं कव्हर आहे." तोंडी शब्दाला शून्य किंमत आहे.

म्हणून निघण्याआधी कंपनीला ईमेलवर हाच प्रश्न विचारा: बेस कॅम्पजवळच्या कालापत्थर शिखरापर्यंत, म्हणजे साडेपाच हजार मीटरच्या वर चालत जाणार आहोत, तिथून हेलिकॉप्टरने आणण्याचा खर्च मिळेल का? लेखी "हो" आलं नाही तर ती पॉलिसी घेऊ नका, स्वस्त असली तरी. बीपी, शुगर असेल तर फॉर्ममध्ये लिहा. लपवलेला आजार क्लेमच्या वेळी हमखास निघतो. मदत क्रमांक कागदावर लिहून खिशात ठेवा, वर फोनची बॅटरी थंडीने मरते. हवामानामुळे लुक्लाचं विमान दोन दिवस उडालं नाही, तो हॉटेलखर्चही आमच्या पॉलिसीत बसला नाही. दोन दिवस हातचे ठेवाच.

बसल्याजागी धाप लागत असेल, माणूस झिंगल्यासारखा चालत असेल किंवा असंबद्ध बोलत असेल, तर पॉलिसी, मंजुरी काही बघू नका. लगेच खाली न्या, हेलिकॉप्टर मिळत असेल तर त्याने न्या. पैसे नंतर बघता येतात.

मेहुणा काठमांडूत उतरल्यावर दोन तासांत वरण-भात जेवला. चुकीची माहिती देऊन पॉलिसी विकल्याची तक्रार आम्ही आधी कंपनीकडे केली, आता पुण्यातल्या विमा लोकपालांकडे केली आहे. बिलं, डॉक्टरांचा कागद, बोर्डिंग पास, सगळं जपून ठेवलं म्हणून निदान तेवढं तरी करता आलं.