तुम्ही विचारलंत म्हणून: "मॅडम, तुम्ही तरी लगेच घेतली होती का?"

आंगणवाडीत लसीकरणाचा दिवस असला की एखादी तरी आई बाळाला मांडीवर घट्ट धरून हे विचारतेच, कोरोनाची लस तुम्ही स्वतः लगेच घेतलेली का. इंदुरात तो प्रश्न हिंदीत येतो, आणि संध्याकाळी घरी आले की शेजारच्या काकू तोच मराठीत विचारतात. खरं सांगायचं तर नाही. पाच आठवडे टाळली. आणि तेव्हा मी मेडिकलच्या थर्ड इयरला होते बरं का, लस किती डिग्रीवर ठेवतात ते झोपेतून उठवून विचारलं असतं तरी २ ते ८ असं सांगितलं असतं.

१६ जानेवारी २०२१ ला लसीकरण सुरू झालं, पहिला नंबर हेल्थ वर्कर्सचा, त्यात आम्ही स्टुडंट्सपण. लोकांना वाटतं शिकलेला माणूस अफवेला फसत नाही. चिप बसवतात, मूल होत नाही, असलं काही आलं की आम्ही हॉस्टेलवर पोट धरून हसायचो, पण आमच्यासाठी माल वेगळा होता ना! आम्हाला यायचे ते ग्राफ, पेपरचे स्क्रीनशॉट, कुणीतरी ॲप्रन घालून इंग्लिशमध्ये 'फेज थ्री डेटा कुठाय' विचारणारं रील. त्यात अर्धं खरंही असायचं. कोव्हॅक्सिनला ३ जानेवारीला परवानगी जाहीर झाली तेव्हा चाचणीच्या तिसऱ्या टप्प्याचे निकाल आले नव्हते, घेणाऱ्याला कन्सेंट फॉर्मवर सही करावी लागायची. प्रश्न रास्तच होता. पण मार्चच्या सुरुवातीला ते निकाल आले, तेव्हा त्याचं रील काही माझ्यापर्यंत आलं नाही.

पहिल्याच दिवशी दिल्लीतल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या रेसिडेंट डॉक्टरांनी पत्र लिहिलं की आम्हाला कोव्हॅक्सिनऐवजी कोव्हिशील्ड द्या. माझ्याकडे आला तो कापलेला स्क्रीनशॉट, वर कुणीतरी लिहिलेलं, "डॉक्टरच लस घ्यायला तयार नाहीत". पूर्ण पत्र शोधायला दोन मिनिटं लागली असती. मी शोधलं नाही, घरच्या ग्रुपवर ढकललं आणि वर एकच शब्द टाकला, "बघा". गंमत म्हणजे आमच्या कॉलेजात कोव्हिशील्डच आली होती, म्हणजे ते डॉक्टर जी मागत होते तीच!

मग बॅचमधल्या एकाला लस घेतल्यावर ताप आला, त्याने थर्मामीटरचा फोटो स्टेटसला ठेवला, १०२. एका तासात सगळ्या हॉस्टेलने पाहिला. त्याच दिवशी त्याच रांगेत अजून कितीतरी जणांनी घेतली होती, संध्याकाळी मेसमध्ये नीट जेवतही होते, पण काहीच झालं नाही याचा फोटो कोण आणि कसला काढणार? फर्स्ट इयरला आम्ही सगळ्यांनी हिपॅटायटिस बीचे तीन डोस घेतले होते, शून्य, एक, सहा महिने, तेव्हा एकानेही डेटा मागितला नाही. त्याची रील्सच नव्हती ना.

शेवटी घेतली ती काही वाचून वगैरे नाही. वॉर्डातल्या आयाबाई, आम्ही मौसी म्हणायचो त्यांना, दोन आठवड्यांपूर्वी घेऊन रोजच्यासारख्या लादी पुसत होत्या, म्हणाल्या, "अरे बेटा, अब तक नहीं लगवाया?" लाज वाटली, दुसऱ्या दिवशी गेले. दंड दुखला दोन दिवस, बस.

१ मार्चपासून साठीच्या वरच्यांचा नंबर आला. माझी आत्या रामबागेत राहते, तेव्हा ६४ ची. ती म्हणाली, थांबते जरा, आपली पिंकी (म्हणजे मी) मेडिकलला आहे, तिनेच ते ग्रुपवर टाकलं होतं. तेवढ्यात युरोपात रक्ताच्या गुठळ्यांमुळे काही देशांनी ॲस्ट्राझेनेकाची लस, म्हणजे आपली कोव्हिशील्डच, थांबवल्याची बातमी आली, झालं, आत्याची खात्रीच पटली. ब्रिटनने एप्रिलमध्ये आकडे दिले, २ कोटींच्या वर डोस, त्यात अशा ७९ केसेस, १९ मृत्यू. धोका होता, खोटा नव्हता, पण ६४ वर्षांच्या बाईला कोरोनाचा धोका त्याच्या कितीतरी पट मोठा. हा हिशोब मी तिला फोनवर समजावला तेव्हा तिला ताप येऊन दोन दिवस झाले होते.

त्या एप्रिलमध्ये इंदुरात ऑक्सिजनचं काय होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. आतेभाऊ रात्रभर सिलिंडरसाठी फिरला. आत्या वाचली, आता चांगली खणखणीत आहे.

पुढे दिवाळीत चकल्या तळताना मी तिला म्हटलं, अगं, मी तर फेब्रुवारीतच घेतली होती की! ती झारा तसाच हातात धरून म्हणाली, "मग ते कुठे टाकलंस ग्रुपवर?" रात्री मी सगळा ग्रुप वर सरकवून बघितला. माझं "बघा" होतं, त्याखाली आत्याचे दोन हात जोडलेले, मग महिनाभर गुड मॉर्निंग, कुणाचे तरी वाढदिवस, एक हरवलेली चावी. मी लस घेतल्याचं कुठेच नव्हतं.